न ऐकलेली टिकटिक

बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून एक जिना वर जातो. त्या जिन्याच्या पोटात कानवाल्यांचं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं, एवढीच जागा. घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पाटीवर खरं नाव होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बिघडलेला कॉम्प्युटर आला की ते झाकण काढत, आतली हार्ड डिस्क चालू करत, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवत आणि मूठ कानाच्या हाडाशी धरून डोळे मिटत. मग निदान सांगत. "ही अजून पाच वर्षं हलत नाही." किंवा, "हिच्यातलं सगळं आज संध्याकाळच्या आत दुसरीकडे काढून घ्या." निदान चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून कानवाले.

गेल्या काही वर्षांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आल्या आणि या नावाला तशी किंमत उरली नाही. हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरतात, त्यांच्यावरून एक बारीक हात सरकत असतो. हलणारं काही असलं की आवाज आलाच. एसएसडीत हलणारं काहीच नाही. नुसत्या चिपा. कॉम्प्युटर मात्र बटण दाबल्यावर दहा सेकंदांत जागा होतो. गिऱ्हाईक मागतं म्हणून कानवाले त्या बसवून देत, पण मनातून त्यांना त्या आवडत नसत. "हिला नाडीच नाही," असं म्हणत, "डॉक्टरने धरायचं काय?"

वय एकसष्ट. लग्न केलं नाही. का केलं नाही याचं असं खास कारणही नव्हतं, राहून गेलं. थोरली बहीण आणि ते, अशी दोघं एका घरात चाळीस वर्षं राहिली. ताई कारखान्याच्या हजेरी विभागात होती. एकोणसाठाव्या वर्षी, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, तिने जेवताना सांगितलं की ती लग्न करतेय. नवरदेव तिच्याच विभागातले, विधुर, गुडघ्याने लंगडणारे, स्वभावाने गरीब. कानवाल्यांनी घास गिळला आणि विचारलं, "मग तू राहणार कुठे?" त्यावर ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती दुसऱ्या गावी गेली त्याला आता चार वर्षं झाली होती. सुरुवातीला रोज फोन, मग आठवड्याने, मग कधीतरी. कानवाल्यांना फोनवर बोलायचा कंटाळा येऊ लागला होता. माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं मत होतं.

अशात एका सकाळी बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सडसष्ट वर्षांच्या, काटक, चष्म्याला दोरी. बाजाराची चाकांची पिशवी ओढत आल्या आणि तिच्यातून त्यांनी भाजीऐवजी कॉम्प्युटर काढला. बाईंचं काम वेगळं होतं. अकरा वर्षं त्या अंध लोकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत होत्या. कुणाला परीक्षेसाठी कायद्याचं पुस्तक हवं असे, कुणाला मालिश शिकण्यासाठी शरीरशास्त्राचं, कुणाला नुसतीच प्रवासवर्णनं. घरातल्या आतल्या खोलीत खिडकीला गादी लावून त्या वाचत आणि ज्याला हवं त्याला पाठवून देत. अशी एकशे त्रेचाळीस पुस्तकं त्या कॉम्प्युटरात होती.

"भाची म्हणते, ही जुनी हार्ड डिस्क काढ आणि एसएसडी घाल," बाई म्हणाल्या. "सुरू व्हायला फार वेळ लावतो हो हा. पण मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारते. तुम्ही सांगाल तसं."

कानवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला. डोळे मिटले. मुठीतून हाडात घूं अशी एक जड, संथ थरथर आली. बाकी शांत.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "अशी डिस्क आता बनत नाही. काढून टाकायचा विचारही करू नका."

"वेळ लागतो त्याचं काय?"

"तेवढ्यात चहा ठेवायचा."

बाई हसल्या. "आणि दुसरीकडे एक प्रत काढून ठेवू का सगळ्याची?"

एरवी हा सल्ला ते स्वतःच देत, न विचारता, समोरच्याला वीट येईपर्यंत. पण त्या दिवशी भाचीचं म्हणणं खोडून काढल्याच्या खुशीत होते. "ठेवायची तर ठेवा. घाई काही नाही." डिस्क तपासायचा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता. तो लावला की तासाभरात डिस्कची सगळी कुंडली पडद्यावर येते. तोही लावला नाही. कान असताना कागद कशाला, असा त्यांचा खाक्या.

सात आठवड्यांनी बाई परत आल्या. या वेळी पिशवी भाचीने ओढली होती. कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. कानवाल्यांनी डिस्क हातात धरून चालू केली. बोटांना एक झटका बसला, चकत्या फिरल्यासारख्या वाटल्या, पुन्हा झटका, आणि ती गप्प झाली. असं तीनदा. मग त्यांनी ती डिस्क मोठ्या शहरातल्या एका कार्यशाळेकडे पाठवली. तिथे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडून आतलं वाचायचा प्रयत्न करतात. बारा दिवसांनी डिस्क परत आली. सोबत चिठ्ठी होती: आतला हात चकत्यांवर घासत राहिल्यामुळे चकत्या खरवडल्या गेल्या आहेत, काहीही मिळण्यासारखं नाही.

चिठ्ठी द्यायला ते स्वतः बाईंच्या घरी गेले. "हार्ड डिस्क कधीकधी अशी न सांगता जाते," ते म्हणाले. "कुणाच्या हातात नसतं."

बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली, पुन्हा उघडून वाचली. "बरं," एवढंच म्हणाल्या.

रडल्या असत्या, दोन शब्द लागट बोलल्या असत्या, तर कानवाले घरी जाऊन झोपले असते. त्या "बरं"ने त्यांना खुर्चीतून उठता येईना. शेवटी त्यांनी विचारलं, "पुस्तकं ज्यांना पाठवलीत त्यांच्याकडे असतील की."

"असतील. कुणाच्या फोनवर, कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. कुणी पुसूनही टाकली असतील." बाईंनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. कोणतं पुस्तक कधी पूर्ण केलं, कुणाला कधी पाठवलं, ते शाळेच्या हजेरीपटासारखं आखून लिहिलेलं होतं. "पण एकेकाला फोन करून मी काय सांगू? माझ्याने नाही होणार."

"मी जातो," कानवाले म्हणाले.

त्यानंतर महिनाभर रोज दुपारी दुकानाचं शटर ओढून ते निघत. खिशात वही, पिशवीत एक पोर्टेबल हार्ड डिस्क. पहिल्या घरी कायद्याची परीक्षा दिलेली मुलगी होती. ती आता नोकरीला लागली होती, आणि तिने एकोणीस पुस्तकं विषयवार लावून ठेवलेली होती. दुसऱ्या घरी माणूस वारलेला होता. त्याच्या बायकोने फोन पुढे केला आणि म्हणाली, "बघा काय आहे ते, मला उघडता येत नाही." त्यात सहा पुस्तकं निघाली. एका ठिकाणी मालिशवाल्याने आधी त्यांचा खांदा दाबून पाहिला, मानेत गाठ आहे म्हणाला, ती मोकळी केली आणि मगच पुस्तकं दिली. असं हळूहळू जमत गेलं. संध्याकाळी घरी येऊन ते वहीत खुणा करत. खुणा करताना बरं वाटे. आपली चूक नसतानाही आपण कुणासाठी एवढं करतोय, हेही मनात येऊन जाई. खोटं कशाला सांगा.

वहीतलं सर्वांत जास्त पुस्तकांचं नाव इस्पितळातल्या टेलिफोन ऑपरेटरचं होतं. पंचेचाळिशीचा, जन्मांध, एकटाच राहणारा. तिसऱ्या मजल्यावरची त्याची खोली इतकी नीटनेटकी होती की कानवाल्यांनी पिशवी मांडीवरच ठेवली. त्याच्याकडे शहाण्णव पुस्तकं होती आणि शेवटच्या वर्षातली तर सगळीच. कॉपी व्हायला वेळ लागणार होता. तोवर ऑपरेटरने त्यातलं एक पुस्तक लावलं.

बाईंचा आवाज खोलीत आला. स्पष्ट, सावकाश, स्वल्पविरामापाशी थांबणारा.

"एक विचारायचं होतं," ऑपरेटर म्हणाला. "बाईंनी नवीन घड्याळ घेतलंय का?"

"काय?"

"घड्याळ. शेवटच्या काही पुस्तकांत मागे टिकटिक आहे. आता बघा. टिक. टिक. मग थांबते. हां, पुन्हा. पण एका लयीत नाही, म्हणजे घड्याळही धड नसावं."

कानवाले पुढे वाकले. स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान लावला. बाई वाचत होत्या, आणि बाईंच्या मागे काहीही नव्हतं.

"नीट लावा जरा, मोठ्याने," ते म्हणाले.

ऑपरेटरने आवाज वाढवला. बाई ओरडू लागल्या. मागे काही नाही.

ऑपरेटरने पुस्तक बंद केलं. मग अगदी साध्या सुरात म्हणाला, "तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत ना? राग मानू नका. आल्यापासून तुम्ही चारदा 'काय' म्हणालात. आणि मी विचारलं, पाणी साधं हवं की गार, तर तुम्ही 'हो' म्हणालात."

कानवाले उठले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ही टिकटिक कोणत्या पुस्तकापासून आहे?"

ऑपरेटरला ते पाठ होतं. त्याने नाव सांगितलं. कानवाल्यांनी वही उघडली. बाईंनी ते पुस्तक पूर्ण केल्याची तारीख त्यांच्या अक्षरात लिहिलेली होती. बाई दुकानात आल्या त्याच्या पाच महिने आधीची.

माइक टेबलावर असे, कॉम्प्युटर टेबलाखाली. पाच महिने ती डिस्क आपलं दुखणं ओरडून सांगत होती आणि ते पुस्तकांत उमटत होतं. मग ती कानवाल्यांच्या हातात आली. त्यांनी तिला कान लावला, डोळे मिटले आणि ठणठणीत म्हणाले.

"मी बाईंना सांगणार होतो," ऑपरेटर म्हणाला. "म्हटलं, घड्याळाचं काय एवढं."

घरी जाताना कानवाले बसमध्ये चढले नाहीत. चालत राहिले. रस्त्यात एकेक गोष्ट मनात येऊन उभी राहू लागली. दाराची घंटा बिघडलीय म्हणून त्यांनी दोनदा बदलली होती. शिंपी हल्ली तुसडा झालाय असं त्यांना वाटे; उलट तोच म्हणे, हाक मारली तरी तुम्ही ओ देत नाही. आणि तीन महिन्यांपूर्वीचा ताईचा फोन. ती बराच वेळ काही सांगत होती, आवाज तुटक येत होता, यांनी अंदाजाने म्हटलं होतं, "छान, छान." मग ताईने विचारलं होतं, "काय छान?" यांनी गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला होता. त्यानंतर तिचा फोन नव्हता.

पुलाच्या कठड्याशी थांबून त्यांनी तिला मेसेज लिहिला. चाळीस वर्षांत बहिणीला कधी लिहून काही सांगावं लागलं नव्हतं. वाक्य जुळायला वेळ लागला. "मला ऐकू कमी येतं. तू त्या दिवशी काय सांगत होतीस ते लिही."

उत्तर लगेच आलं. "ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. झालं. आता बरे आहेत." आणि त्याच्या खाली दुसरं, "तू टीव्ही किती मोठा लावायचास. दहा वर्षं सांगतेय, कान दाखव. तेही ऐकू आलं नाही वाटतं."

ते वाचून ते पुलावर उभेच राहिले. घरी जायची घाई नव्हती. घरी तसं होतं काय?

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले आणि चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. टिकटिक, तारीख, कान. न लावलेला प्रोग्राम. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "तो प्रोग्राम लावला असतात तर कळलं असतं?"

"तासाभरात."

"आणि मग?"

"मग त्याच दिवशी सगळं दुसऱ्या डिस्कवर काढलं असतं. एकही पुस्तक गेलं नसतं."

"आणि ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक नव्हतं असं नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "विचारलं नव्हतं स्वतःला."

बाई उठून खिडकीशी गेल्या. "माझ्या वर्गात अशी मुलं असायची," त्या म्हणाल्या. "फळा दिसत नसायचा, पण सांगायची नाहीत. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायची. कळलं की मी त्यांना पहिल्या बाकावर बसवायची. तुम्हाला आता कुठे बसवू?" मग वळून म्हणाल्या, "मला राग आलाय तुमचा. जाईल तो. पण आज आहे, तेव्हा आज चहा नको."

कानवाले मुकाट्याने निघाले. जिन्यात त्यांना वाटलं, हे बरं झालं. "बरं" पेक्षा हे बरं.

आठवड्याने बाईंचा निरोप आला. नवीन काय घालायचं ते ठरवायला या, आणि या वेळी कान लावून नको, नीट समजावून सांगा. कानवाले एसएसडी आणि हार्ड डिस्क, दोन्ही घेऊन गेले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"कॉम्प्युटरमध्ये ही एसएसडी," ते म्हणाले. "एक म्हणजे झटकन सुरू होईल. दुसरं, हिच्यात हलणारं काही नाही, त्यामुळे तुमच्या वाचनात हिचा आवाज कधीच येणार नाही. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मग ही हार्ड डिस्क कशाला?"

"साठवणीला. हिच्यात जागा भरपूर, आणि कपाटात पडून राहायची असली तर मला हिचाच भरवसा. एसएसडी विजेशिवाय वर्षानुवर्षं ठेवायची नाही, विसरते. आणि हे लक्षात ठेवा, ती मरताना बहुतेक वेळा काही आवाज करत नाही. म्हणून पुस्तक संपलं की त्याची प्रत हिच्यावर. दुसरी प्रत भाचीच्या घरी, अशाच दुसऱ्या हार्ड डिस्कवर. एका घराला काही झालं तरी दुसरं आहे. आणि महिन्यातून एकदा तपासणीचा प्रोग्राम, दोन्हींवर."

प्रत कशी काढायची ते त्यांनी दाखवलं. शिकवायला दोन-तीन फेऱ्या लागतील अशी त्यांची अटकळ होती. त्यासाठी कोणते वार मोकळे आहेत हेही मनाशी ठरवून ठेवलं होतं. बाईंनी एकदा पाहिलं, एकदा स्वतः करून दाखवलं, पायऱ्या वहीत उतरवल्या आणि म्हणाल्या, "आलं मला. आता तुम्हाला त्रास नको." त्या खरंच काळजीने म्हणाल्या. कानवाल्यांनी पिशवी उचलली.

एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकतीस पुस्तकं परत मिळाली होती. बारा गेली. त्यातलं करपद्धतीवरचं एक गेलं ते उत्तम झालं, असं बाई म्हणाल्या. बाकीची अकरा त्या पुन्हा वाचणार होत्या.

कान तपासणाऱ्या मुलीने कानवाल्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ते बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसले. मग तिने कागद दाखवला. रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जिन्यासारखी उतरत गेली होती. "जड आवाज येतात तुम्हाला," ती म्हणाली. "बारीक गेलेत. आजचं नाही, दहा-बारा वर्षांचं आहे हे." यंत्रं कानात बसली. रस्त्यावर त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज आला, किल्ल्यांचा आला, शिंप्याच्या कात्रीचा आला. शिंप्याने हाक मारली आणि यांनी ओ दिली, तेव्हा शिंप्याने कापड खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

घरी मात्र ते कुलूप उघडून आत उभे राहिले आणि वाट पाहत राहिले. आता सगळं ऐकू येणार होतं. फ्रिज आला. नळ थेंब टाकत होता, तो आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग काहीच नाही. एवढंच होतं घरात. ऐकू येत नव्हतं म्हणून ते भरलेलं वाटत होतं, इतकंच. त्यांनी नळाची चावी आवळली, मग पुन्हा थोडी सैल सोडली.

दोन आठवड्यांनी बाईंनी पुन्हा वाचलेल्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्यांना फोनवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, "तपासून सांगा." कानवाल्यांनी दुकानात बसून ते दोनदा ऐकलं. मागे काही ऐकू येत नव्हतं. पण काही नाहीये की मला येत नाहीये, हे यंत्रं लावूनही त्यांना छातीठोक सांगवेना. त्यांनी ते ऑपरेटरला पाठवलं आणि थोड्या वेळाने फोन केला.

"मागे काही आहे का?"

"काही नाही," ऑपरेटर म्हणाला. "स्वच्छ. बाईंचा आवाज थोडा जड झालाय पूर्वीपेक्षा, बाकी काही नाही."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या इथे मात्र काहीतरी किरकिरतंय. पंखा आहे का डोक्यावर? त्याला तेल घाला. मागच्या खेपेला फोन केलात तेव्हाही होतं."

कानवाल्यांनी वर पाहिलं. फोन ठेवला, पंखा बंद केला, आणि तेलाची कुपी शोधायला स्टुलावरून वरच्या फळीवरचे डबे एकेक करून काढू लागले.